सूत्रधाराचे काम : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव सुरळीत कसा चालवावा

आपल्या मंडळींच्या घरांत हल्ली शाळकरी आणि कॉलेजातल्या मुलांजवळ एक छोटी थैली सापडते. तीत सात फासे असतात आणि त्यांतला एकच लुडोच्या फाशासारखा असतो. बाकीचे चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. दहा बाजूंचे दोन असतात. ते एकत्र टाकले की एक ते शंभर यांतला आकडा काढता येतो. २०१६ साली आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुले तळघरात बसून हा खेळ खेळताना दिसतात. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव प्रथम तिथेच ऐकले.

घरात हा खेळ शिरला की दोन प्रश्न येतात. आईबाबा विचारतात, हे नेमके आहे तरी काय? आणि ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात डाव चालवण्याचे काम पडलेले असते, ते विचारते, आता हे चालवायचे कसे? पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. लेख खरा दुसऱ्यासाठी आहे.

एक जण गोष्टीतला प्रसंग सांगतो : रात्र आहे, पाऊस आहे, समोर किल्ल्याचा पडका दरवाजा आहे, आत दिवा हलतो आहे. बाकीचे तीन-चार जण एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करतो ते सांगतात. जिथे जमेल की नाही याची शंका असते तिथे फासा टाकायचा. पट असलाच पाहिजे असे नाही, आणि शेवटी कोणी जिंकत किंवा हरत नाही. अमेरिकेत शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्यांचे गट होते, त्यांच्यातून हा खेळ निघाला. मिनियापोलिस-सेंट पॉल भागातल्या डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ च्या सुमारास 'ब्राउनस्टाइन' नावाच्या डावात खेळाडूंना पलटणींऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या डेव्ह आर्नेसन यांनी पुढे 'ब्लॅकमूर' नावाचे राज्य कल्पून किल्ल्याखालच्या भुयारांत आपल्या मित्रांना हिंडवले. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावचे गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांच्या नावाने १९७४ साली तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी निघाली. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. आज मुले खेळतात ती बहुधा २०१४ ची पाचवी आवृत्ती किंवा तिचे २०२४ चे सुधारित रूप.

गोष्ट सांगणाऱ्याला त्या खेळात 'डंजन मास्टर' म्हणतात. मी इथे सूत्रधार म्हणणार आहे. आपल्याकडे हा शब्द तयारच पडलेला आहे आणि कामही जवळपास तेच आहे. गोव्याकडच्या किंवा सिंधुदुर्गातल्या मंडळींना तर जास्त सांगायलाच नको. दशावतारात आख्यान ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरच्याने काय टाकले ते पाहून नट बोलतो. इथे फरक एवढाच की आख्यानाचा शेवटही ठरलेला नसतो, आणि सूत्रधाराला ते मनापासून चालले पाहिजे.

माझे निरीक्षण असे की हे डाव नियम न समजल्यामुळे क्वचितच मोडतात. नियम चुकला तर पुढच्या वेळी सुधारता येतो. डाव मोडतात ते एखाद्याला तासभर बोलायलाच न मिळाल्यामुळे, गोष्ट एका जागी रुतल्यामुळे, लढाई कंटाळवाणी झाल्यामुळे, कुणाच्या मनाला लागेल असे काही निघाल्यामुळे, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे रविवार जुळत नसल्यामुळे.

फासे काढण्याआधीची बैठक

अनुभवी खेळाडू पहिल्या डावाआधी एक बैठक घेतात. तिला ते 'सेशन झिरो', म्हणजे शून्य क्रमांकाची बैठक म्हणतात. तासभर पुरतो. नवख्या सूत्रधाराला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, कारण त्याला आपला राक्षस कधी एकदा बाहेर काढतो असे झालेले असते. पण पुढची निम्मी भांडणे या तासाभरात मिटतात.

आधी कसली गोष्ट हवी ते विचारावे. दोघांना लढाया हव्या असतात, एकीला रहस्य उलगडायचे असते, एकाला फक्त विनोद करायचे असतात. हे सगळे एका डावात बसू शकते, पण आधी कळलेले बरे. मग पात्रे एकत्र बसूनच तयार करावीत, घरून करून आणायला सांगू नये. घरून आणलेली पात्रे हटकून अशी असतात की पाचही जण एकलकोंडे, आईबाप नसलेले आणि कुणावरही विश्वास न ठेवणारे. अशा पाच जणांनी एकत्र प्रवासाला का निघावे याचे उत्तर सूत्रधाराला शोधत बसावे लागते. त्यापेक्षा प्रत्येकाला विचारावे, 'तुझे पात्र शेजारी बसलेल्याच्या पात्राला कसे ओळखते?' दोघे भावंडे निघतात, एक जण दुसऱ्याचा कर्जदार निघतो, आणि गोष्ट आपोआप सुरू होते.

त्यानंतरचा प्रश्न जरा नाजूक आहे : गोष्टीत काय नको? रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्याने यासाठी दोन प्रकार सांगितले. काही गोष्टी डावात येणारच नाहीत. त्यांच्याभोवती रेघ ओढायची. काही घडू शकतात पण वर्णन होणार नाही; त्यांच्यावर पडदा टाकायचा. लहान मुलांचा छळ ही रेघ असू शकते, जखमांचे वर्णन हा पडदा. दुसरी सोय जॉन स्टॅव्ह्रोपुलस यांनी मांडलेली, 'एक्स-कार्ड' नावाची. टेबलाच्या मधोमध फुली मारलेला एक पत्ता ठेवायचा. कुणालाही काही नकोसे झाले की त्याने पत्त्याला हात लावायचा आणि सूत्रधाराने तो भाग तिथेच सोडून पुढे जायचे. कारण विचारायचे नाही.

हे आपल्या मुलांसाठी फार झाले असे काही पालकांना वाटते. मला वाटत नाही. समजा, टेबलावर बसलेल्या एका मुलीचे आजोबा दोन महिन्यांपूर्वी गेले आहेत आणि सूत्रधार मोठ्या रंगात येऊन म्हाताऱ्या गुरूचा मृत्यू सांगतो आहे. तिने काय करावे? तेराव्या वर्षी चार मित्रांसमोर 'मला हे ऐकवत नाही' असे म्हणणे सोपे नाही. ती गप्प बसते आणि पुढच्या रविवारी तिचा 'क्लास आहे' असा निरोप येतो. सूत्रधाराला कारण कधीच कळत नाही. पत्त्याला नुसता हात लावणे तिला जमले असते. फुलीला महिनोन्महिने कोणी हात लावत नाही हे खरे. पण ती समोर आहे एवढ्याने लोक मोकळे होतात. सूत्रधाराने एकदा स्वतःच हात लावून दाखवावा, म्हणजे बाकीच्यांचा संकोच जातो.

कोणत्या भाषेत खेळायचे

हा प्रश्न अमेरिकन पुस्तकांत नसतो, आपल्याकडे तो पहिल्याच दिवशी येतो. नियमांचे शब्द इंग्रजीच राहू द्यावेत. 'इनिशिएटिव्ह', 'हिट पॉइंट', 'आर्मर क्लास' यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसलात तर मुले पळून जातील, आणि मुलांच्या पात्रपत्रिकेवर शब्द इंग्रजीतच छापलेले असतात. पण वर्णन आणि संवाद मराठीत करून पाहा. डाव जास्त रंगतो असे मी खात्रीने सांगतो, आणि त्याला व्याकरणाची कारणे आहेत.

सूत्रधाराला खानावळवाला, सरदार, चोर, म्हातारी असे सगळे बोलून दाखवावे लागते. इंग्रजी वाहिन्यांवरचे व्यावसायिक नट प्रत्येकाचा वेगळा आवाज काढतात, ते पाहून आपली मुले आधीच हिरमुसतात. मराठीत आवाज काढायची गरज पडत नाही. खानावळवाला 'या, बसा, पाणी घ्या' म्हणतो. सरदार 'आपण कोणीकडून येणं केलंत?' म्हणतो. चोर 'ए, तू कोण रे?' म्हणतो. तू, तुम्ही आणि आपण एवढ्या तीन शब्दांत माणूस उभा राहतो. खलनायकाला शेवटपर्यंत अदबीने 'आपण' म्हणू द्या आणि ऐन प्रसंगी एकदाच 'तू' वर येऊ द्या. टेबल चिडीचूप होते. आमच्या इंदूरकडच्या एका टेबलावर बाजारातले व्यापारी माळवीत बोलतात आणि सैनिक हिंदीत. मुलांना दिवसभर जे कानावर पडते तेच त्यांनी गोष्टीत ओतले, आणि कोण बोलते आहे हे सांगावे लागत नाही.

एक अडचणही मराठीत येते. मुलीने पुरुष योद्ध्याचे पात्र घेतले तर इंग्रजीत काही बिघडत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला प्रश्न उभा राहतो. 'मी आत जाते' म्हणायचे की 'मी आत जातो'? मुलग्याने जादूगारीण घेतली तरी तेच. पहिल्या वेळी सगळे हसतात, दुसऱ्या वेळी कमी हसतात, तिसऱ्या डावापर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण लाजाळू मुलाला ते पहिले हसणे नकोसे होऊ शकते. त्याने 'माझा योद्धा आत जातो' असे तृतीय पुरुषात बोलावे; खेळाच्या दृष्टीने ते तितकेच चालते. (सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात सूट मिळते. 'मी तलवार काढली', 'मी दार उघडलं' इथे क्रियापद तलवारीच्या आणि दाराच्या मागे जाते. एका मुलीने हे स्वतः शोधून काढले आणि सबंध डाव भूतकाळात खेळली.)

तयारी किती करावी

थोडी. नवखा सूत्रधार राज्याचा हजार वर्षांचा इतिहास लिहितो, आणि खेळाडू पहिल्याच वळणावर, नकाशाच्या बाहेर, डावीकडे जातात. मग त्याला दोनच मार्ग दिसतात : त्यांना ओढून उजवीकडे आणणे किंवा हताश होणे. माइक शे यांचे 'रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर' हे पुस्तक याच दुखण्यावर आहे. त्यांचा रोख असा की पुढच्या बैठकीपुरतेच लिहा, आणि सुरुवात पात्रांकडे पाहून करा. कोणाचे पात्र काय शोधते आहे, कोणाला काय हवे आहे, हे आधी वाचायचे. मग एक जोरदार आरंभ, थोडी गुपिते, दोन-तीन जागा, काही माणसे. वहीचे एक पान. घटना कोणत्या क्रमाने घडतील ते लिहू नये. लोकांना काय हवे आहे ते लिहावे. 'दरोडेखोर पुलावर हल्ला करतात' यापेक्षा 'दरोडेखोरांच्या नाईकाला दिवाळीआधी पुलाचा जकातनाका हवा आहे' हे जास्त उपयोगी, कारण खेळाडू पुलाकडे गेलेच नाहीत तरी नाईकाची इच्छा कायम राहते आणि ती त्यांना दुसरीकडे गाठते.

नावांची एक यादी मात्र तयार असावी, दहा-बारा. खेळाडू रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला 'तुझे नाव काय?' विचारतात, आणि त्या वेळी सूत्रधार अडखळला की तो माणूस खोटा होतो.

फासा कधी टाकावा

इथे थोडे गणित आहे. पाचव्या आवृत्तीत मूळ नियम एकच : वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवा, आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त झाली की जमले. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २० असे पुस्तकच सुचवते. आता 'मध्यम' या शब्दाने फसू नका. ज्याचे कौशल्य अधिक ५ आहे, म्हणजे जो त्या कामात पहिल्या पातळीवरचा वाकबगार आहे, त्याला १५ साठी फाशावर १० किंवा वर हवेत. शक्यता ५५ टक्के. ज्याचे अधिक २ आहे त्याला १३ किंवा वर हवेत, म्हणजे ४० टक्के.

म्हणून समजा गोष्ट पुढे जाण्यासाठी कपाटातले पत्र सापडलेच पाहिजे, आणि सूत्रधाराने ते १५ च्या फाशामागे ठेवले, आणि शोधणाऱ्याचे अधिक २ आहे. दहा वेळांपैकी सहा वेळा गोष्ट तिथेच थांबणार. टेबलावर शांतता पसरते, सूत्रधार घामाघूम होतो, मग 'बरं, पुन्हा एकदा बघ' म्हणतो, आणि फाशाला काही अर्थच उरत नाही. जस्टिन अलेक्झांडर या लेखकाने यावर एक साधा नियम दिला आहे : खेळाडूंना जे कळायलाच हवे त्याचे निदान तीन दुवे ठेवा. कपाटातले पत्र, माळ्याने पाहिलेली घोड्याची टाप, आणि सोनाराकडे गहाण पडलेली अंगठी. प्रत्येकाची शक्यता ४० टक्केच धरली तरी तीनांतला एक तरी मिळण्याची शक्यता ७८ टक्क्यांवर जाते. आणि पत्राशिवाय चालणारच नसेल, तर फासा टाकूच नका. शोधले की मिळाले. फासा मग 'किती लवकर मिळाले' किंवा 'कोणाच्या नजरेस पडलात' यासाठी ठेवा.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. दाराला कान लावून एक जण ऐकतो, त्याचा फासा वाईट पडतो, लगेच बाकीचे तिघे 'मी पण ऐकतो' म्हणतात. १५ चे काम, कुणाकडेच कौशल्य नाही, म्हणजे एकेकाची शक्यता ३० टक्के. पण चौघांनी टाकले की कुणा एकाला तरी जमण्याची शक्यता ७६ टक्के होते. अवघड काम अशा रीतीने सोपे होऊन बसते. यावर तोडगा असा : एकच जण टाकेल, दुसऱ्याने मदत केली तर पहिल्याला दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येईल. पुस्तकात याला 'अ‍ॅडव्हान्टेज' म्हणतात. अधिक ५ वाल्याचे ५५ टक्के यामुळे जवळजवळ ८० टक्के होतात. मदत केल्याचे दिसले पाहिजे एवढी अट घालावी. 'मी मदत करतो' एवढे म्हणून भागू नये, कशी करतो ते सांगितले पाहिजे. यातूनच गप्प मुले बोलू लागतात.

आणि फासा चुकला म्हणजे 'काहीच घडले नाही' असे कधीही म्हणू नये. कुलूप उघडले नाही, आणि आतून कुणी तरी विचारतो आहे, 'कोण आहे?' किंवा कुलूप उघडले, पण हत्यार आत मोडून राहिले, सकाळी ते कुणाला तरी सापडणार. खेळाडूला नकार मिळाला तरी चालतो. त्याला भिंत मिळता कामा नये.

धोका हळूहळू वाढतो आहे हे दाखवायला एक सुंदर युक्ती जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळातून उचलता येते. कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे चार किंवा सहा भाग करायचे आणि वर लिहायचे, 'पहारेकऱ्यांना संशय'. प्रत्येक चुकीला एक भाग रंगवायचा. वर्तुळ सगळ्यांना दिसते. चौथा भाग रंगला की मुले आपोआप कुजबुजत बोलू लागतात.

लढाई

बहुतेक नव्या गटांची पहिली लढाई गोब्लिनांशी होते. २०१४ च्या 'स्टार्टर सेट'मध्ये 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' नावाची मोहीम आहे. तिच्या आरंभी रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे पडलेले दिसतात आणि झुडपांत चार गोब्लिन दबा धरून असतात. दिसायला क्षुल्लक. पण हिशोब पाहा. गोब्लिनाचा बाण लागला की सरासरी ५ इजा होते. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट ७-८ असतात. त्याचा आर्मर क्लास १२ असेल तर प्रत्येक बाण लागण्याची शक्यता ६५ टक्के. म्हणजे दोन बाणांत तो जमिनीवर, बऱ्याचदा त्याची पहिली पाळी येण्याआधीच. ज्याने उत्साहाने दोन तास बसून मंत्र निवडले तो मुलगा पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक होतो. मोहीम लिहिणाऱ्यांनाही ही भीती असावी, कारण पुस्तकातच सांगितले आहे की खेळाडू हरले तर गोब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून गाडी लुटतात आणि निघून जातात. हे वाक्य सूत्रधाराने आधी वाचून ठेवावे. गोब्लिनांना मुडदे नको आहेत, माल हवा आहे. हीच गोष्ट बहुतेक शत्रूंना लागू पडते : दोन साथीदार पडल्यावर तिसरा शेवटपर्यंत का लढेल? तो पळेल, शरण येईल, खंडणी मागेल. लढाई तिथे संपते आणि गोष्ट सुरू होते.

पाच खेळाडूंसमोर एकच मोठा राक्षस ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो फसतो, कारण राक्षसाला एक पाळी मिळते आणि त्यांना पाच. एक मोठा आणि चार किरकोळ हे गणित जास्त चांगले बसते.

लढाई रेंगाळते ती वाट पाहण्यामुळे. प्रत्येक खेळाडूने दोन मिनिटे घेतली आणि सूत्रधाराने तीन, तर पाच जणांची एक फेरी तेरा मिनिटांची होते. म्हणजे दोन मिनिटे खेळून अकरा मिनिटे मोबाइल. उपाय साधे आहेत. पाळी पुकारताना पुढच्याचेही नाव घ्यावे : 'आता तुझी पाळी, नंतर ताईची, तयार राहा.' हल्ल्याचा आणि इजेचा फासा एकदमच टाकावा. राक्षसांच्या इजेसाठी तर फासा टाकूच नये. पुस्तकात प्रत्येक हल्ल्यापुढे सरासरी आकडा छापलेला असतो, तोच घ्यावा. कुणाला नियमाची शंका आली तर सूत्रधाराने एका मिनिटात निर्णय द्यावा, कागदावर टिपून ठेवावे आणि पुस्तक डाव संपल्यावर उघडावे. निर्णय खेळाडूच्या बाजूने दिला तर वाद घालायला कुणी उरत नाही.

बोलके आणि मुके

प्रत्येक टेबलावर एक मुलगा असा असतो की ज्याने नियमांची तिन्ही पुस्तके वाचलेली असतात. तो वाईट नसतो. त्याला खेळ सगळ्यांत जास्त आवडतो. पण तो दुसऱ्यांच्याही पाळ्या खेळतो : 'तू इकडे जा, तू हा मंत्र वापर.' त्याला गप्प करू नये, काम द्यावे. पाळ्यांची यादी लिहिणे, नियम शोधून देणे, सूत्रधाराने विचारल्यावर. आणि सूत्रधाराने प्रश्न विचारताना 'तुम्ही काय करता?' असे सगळ्यांना मिळून विचारू नये, कारण त्या प्रश्नाचे उत्तर नेहमी तोच देतो. नाव घेऊन, दोन पर्यायांसह विचारावे : 'म्हातारी तुझ्याकडे बघतेय. तिला खरं सांगतेस की टाळतेस?' लाजाळू मुलीला मोकळे मैदान दिले की ती हरवते, दोन वाटा दिल्या की एक धरते. पाचव्या-सहाव्या वेळी ती तिसरी वाट स्वतः काढते.

दुसरा प्रकार म्हणजे 'माझे पात्र चोर आहे, म्हणून मी मित्राचीच थैली मारली.' फासा टाकण्याआधी डाव थांबवून थेट विचारावे : ज्याची थैली जाणार त्याला हे चालेल का? त्याने हो म्हटले तर धमाल येते. नाही म्हटले तर हात थैलीपर्यंत गेलाच नव्हता असे समजून पुढे जावे. हा प्रश्न खेळाडूंमधला आहे, पात्रांमधला नाही, आणि गोष्टीतल्या पहारेकऱ्याकडून चोराला पकडवून तो सुटत नाही. त्याने सूड फक्त वाढतो.

भावंडे एका टेबलावर असली तर शक्यतो शेजारी बसवू नयेत. हे कोणत्याही पुस्तकात नाही.

रविवार

टेबलाला तीन ते पाच खेळाडू बरे. सहावा आला तर दुसरा सूत्रधार शोधावा. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना दीड तास पुष्कळ, मोठ्यांना तीन. संपण्याची वेळ सुरुवातीलाच सांगावी आणि पाळावी. आईबाबा बाहेर स्कूटर चालू ठेवून उभे असताना राक्षस मारण्यात कुणालाच गोडी नसते.

न संपणारी मोहीम आखू नये. आपल्याकडे जानेवारी लागला की परीक्षा, मे महिन्यात सगळे गावाला, आणि गणपती-नवरात्रात सभागृह मिळत नाही. जुलैत सुरू करून दिवाळीच्या आत सहा-आठ बैठकांत संपेल अशी गोष्ट घ्यावी. चौघांपैकी तिघे आले तर डाव होणारच, हे आधी जाहीर करावे. एकासाठी थांबलात की पुढच्या वेळी दोघांसाठी थांबावे लागते. जो आला नाही त्याचे पात्र त्या दिवशी आजारी पडते किंवा घोड्यांजवळ थांबते. त्याच्या मागे त्याला मारू नये. आणि प्रत्येक डावाच्या आरंभी मागचे काय झाले ते सूत्रधाराने सांगू नये, खेळाडूंना विचारावे. त्यांना काय आठवते ते ऐकले की पुढच्या वेळी काय तयार करायचे ते सूत्रधाराला फुकटात कळते.

खाण्याचे : शेव-पोहे आधी किंवा नंतर. तेलकट बोटांनी पात्रपत्रिका पारदर्शक होते आणि फासे घसरतात.

पैसे खर्च करायची घाई नको. २०२३ च्या जानेवारीपासून पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत. छापून आणले की सुरुवात करता येते. फाशांचा एकच संच टेबलावर फिरवला तरी चालतो, आणि तोही नसेल तर मोबाइलवर फासे टाकणारी अ‍ॅप आहेत. लागते ते एवढेच : पेन्सिली, खोडरबर, चौकटीच्या वहीची काही पाने, आणि फुली मारलेला एक पत्ता.